आपल्या पावसासाठी, आपल्या किनाऱ्यासाठी: वितळत्या बर्फाबद्दल तातडीचं आवाहन

गोदावरी, कृष्णा, भीमा, तापी. एकीच्याही उगमाशी हिमनदी नाही. त्यामुळे ग्रीनलंडचा बर्फ वितळला, अंटार्क्टिकाचा कडा तुटला अशी बातमी आली की महाराष्ट्रात, गोव्यात आपण ती ‘तिकडची’ म्हणून वाचतो आणि पान उलटतो. ही सवय आता परवडणारी नाही, हे सांगायला आणि काही ठोस गोष्टी मागायला हे आवाहन आहे. आपल्या नद्या पावसावर जगतात. तो पाऊस कधी येणार, किती येणार, कुठे कोसळणार हे ठरवण्यात पृथ्वीवरच्या बर्फाचा हात आहे, आणि तो बर्फ आपल्या हयातीत चालला आहे.

बर्फ आणि पाऊस यांच्या नात्याची ही ओळख तशी जुनीच. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर जो दुष्काळ कोसळला, त्यानंतर पाऊस कधी हुलकावणी देणार हे आधी कळावं अशी निकड सरकारला भासू लागली. हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडलं, की हिमालयात बर्फ जास्त पडला की पुढचा पावसाळा ओढ देतो. बर्फाने झाकलेली जमीन उशिरा तापते, आणि जमीन तापल्याशिवाय समुद्रावरचे वारे आत ओढले जात नाहीत. हा नियम दरवर्षी तंतोतंत लागू पडला नाही, पण मुद्दा टिकला. डॉ. वसंत गोवारीकरांनी १९८८ मध्ये सोळा घटकांवर मान्सूनचा अंदाज बांधला, त्यातही बर्फाला जागा होती.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, मग बर्फ कमी झाला तर पाऊस वाढेल, बरंच की! इथेच गफलत होते. हवा एका अंशाने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते. ती वाफ महिनाभर रिमझिम पडत नाही. वीस दिवस कोरडे जातात आणि दोन दिवसांत शेत वाहून जातं. शेतकऱ्याला वर्षाची सरासरी घेऊन काय करायचंय?

वास्कोला हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांना गोवा म्हटल्यावर याची आठवणही होत नाही. पण भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्यातूनच निघाली होती. आता इथले शास्त्रज्ञ आर्क्टिककडेही बघतात. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. त्यात उन्हाळ्यात बर्फ कमी राहिला, की त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढतात, असा दुवा त्यांनी काही वर्षांपूर्वी दाखवला. दुवा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हे तेही सांगतील. तरी सप्टेंबरात सोयाबीन शेंगेत असतं, कापसाला बोंडं धरलेली असतात. हा दुवा पक्का निघाला तर त्याची किंमत कुणाच्या खिशातून जाणार, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता बर्फ किती चालला आहे ते बघा. मार्च २००२ मध्ये ‘ग्रेस’ नावाचे दोन जुळे उपग्रह आकाशात गेले. एकामागे एक फिरताना त्यांच्यातलं अंतर केसाच्या जाडीहून कमी बदललं तरी ते टिपत, आणि त्यावरून खाली किती वजन उरलंय याचा हिशेब लागे. २०१८ पासून त्यांची जागा नव्या जोडीने घेतली आहे. या हिशेबाप्रमाणे ग्रीनलंड वर्षाला सरासरी २७० अब्ज टनांच्या आसपास बर्फ गमावतं. अंटार्क्टिकाचा आकडा त्याच्या साधारण निम्मा. जगभरच्या डोंगरांवरच्या हिमनद्या मिळून पुन्हा ग्रीनलंडइतकाच बर्फ घालवतात. ३६० अब्ज टन बर्फ वितळून समुद्रात गेला की जगाचा समुद्र एक मिलिमीटर चढतो. बाकीचं गणित आपलं आपण करता येईल.

माझी झोप मात्र वेगळ्याच आकड्याने उडते. १९७१ पासून माणसाने पृथ्वीवर जी जादा उष्णता साठवली, तिच्यातली ९१ टक्के समुद्राने पोटात घेतली. बर्फ वितळवण्यात खर्च झाली फक्त ३ टक्के. आल्प्सपासून अँडीजपर्यंत जे दिसतंय ते सगळं या तीन टक्क्यांत झालं आहे. समुद्रातली ती उष्णता कुठेही गेलेली नाही. अंटार्क्टिकाच्या पश्चिमेला ती खालून, तरंगत्या बर्फाच्या पोटाशी जाऊन पोहोचते आहे.

बर्फ वितळणं हा तापमानवाढीचा परिणाम, इतकं शाळेत शिकवतात. तोच पुढच्या तापमानवाढीचं कारण कसा होतो, हे तितकं शिकवलं जात नाही. वैशाखात देवळाच्या आवारात अनवाणी चाललेल्या कुणालाही ते समजेल: पांढऱ्या फरशीवर पाय ठरतो, काळ्या दगडावर चटका बसतो. ताजा बर्फ उन्हाचे दहातले आठ-नऊ हिस्से आल्या पावली परत पाठवतो. उघडा समुद्र दहातला एक हिस्साही धड परतवत नाही. म्हणजे जिथून बर्फ हटला तिथे ऊन मुक्कामाला येतं, आणि शेजारचा बर्फही वितळवतं. आर्क्टिक प्रदेश गेल्या चार दशकांत जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य कडेला तर बर्फ पांढराही राहिलेला नाही. उन्हाळ्यात तिथे जांभळट-तपकिरी शेवाळ धरतं. जवळ जाऊन वाकलं तर बर्फाला नळीसारखी भोकं पडलेली दिसतात, काही बोटभर रुंद, काही वीतभर, खोली हातभरापर्यंत. वर स्वच्छ पाणी आणि तळाशी चिमूटभर काळा गाळ: धूळ, काजळी आणि त्यावर पोसलेले सूक्ष्मजीव. तो गाळ ऊन पितो, गरम होतो आणि बर्फ पोखरत खाली उतरतो. नॉर्डेनशील्ड या संशोधकाने १८७० मध्येच याची नोंद केली होती. तेव्हा ते कुतूहल होतं. आज अशी काळवंडलेली बर्फभूमी अवकाशातून दिसते.

त्यात उंचीचीही भानगड आहे. ग्रीनलंडची हिमचादर मधोमध तीन किलोमीटरहून उंच आहे, आणि इतक्या उंचीवर हवा थंड असते म्हणूनच ती टिकून आहे. माथा जसजसा खचेल तसतसा तो खालच्या, उबदार हवेत येईल आणि अजून जोरात वितळेल. १४ ऑगस्ट २०२१ रोजी या चादरीच्या माथ्यावर, सुमारे ३२०० मीटर उंचीवर, पाऊस पडला. हिमवर्षाव नव्हे, पाऊस. तिथल्या केंद्राच्या नोंदीत असं पहिल्यांदाच झालं. बातमी आपल्याकडेही आली होती, आतल्या पानावर.

या वितळलेल्या गोड्या पाण्याचं पुढे काय होतं, ते आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. अटलांटिक महासागरात उष्ण कटिबंधातलं कोमट, खारं पाणी वरून उत्तरेकडे जातं. ग्रीनलंड-आइसलंडच्या आसपास ते थंड होतं, खारेपणामुळे जड होऊन तळाला बसतं आणि खालून दक्षिणेकडे परत फिरतं. प्रचंड उष्णता या फेऱ्यात इकडची तिकडे होते. त्यात वरून गोडं पाणी ओतलं की वरचं पाणी हलकं होतं, बुडायला राजी होत नाही, आणि फेरा मंदावतो. ग्रीनलंडच्या दक्षिणेला समुद्राचा एक पट्टा असा आहे की सगळं जग तापत असताना तो गार पडला. अनेक शास्त्रज्ञ ती या मंदावण्याची खूण मानतात. हा फेरा या शतकात क्षीण होण्याची शक्यता फार मोठी आहे, असं हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २०२१ च्या अहवालात म्हटलं आहे. तो पुरता कोलमडेल का आणि कधी, यावर मात्र जाणकारांत वाद आहेत.

अटलांटिकचं आपल्याला काय? उत्तर आपल्याच अरबी समुद्राच्या तळाशी गाळात सापडलं. त्या गाळाचे थर आणि ग्रीनलंडच्या बर्फाचे थर शेजारी ठेवून वाचले, तेव्हा गेल्या लाखभर वर्षांत उत्तर अटलांटिक जेव्हा जेव्हा एकदम गारठला, तेव्हा तेव्हा नैर्ऋत्य मान्सून दुबळा पडल्याचं दिसलं. उत्तर गोलार्ध गार झाला की पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. तेव्हा शेती नव्हती, धरणं नव्हती, सव्वाशे कोटींहून जास्त माणसं त्या पावसाकडे डोळे लावून बसलेली नव्हती.

‘हवामान काय, पूर्वीही बदलत होतंच,’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून वृत्तवाहिन्यांपर्यंत ऐकू येतं. खरं आहे. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होता आणि कोकणचा किनारा पुष्कळ पश्चिमेला होता. बर्फ वितळला, समुद्र चढला, आणि गेली पाचसहा हजार वर्षं तो जवळपास एका जागी राहिला. आपली बंदरं, मिठागरं, भातखाचरं, सगळी या ठरलेल्या पाण्याच्या भरवशावर उभी राहिली. आता तो भरवसा उठतोय. १९०१ ते २०१८ मध्ये समुद्र २० सेंटिमीटर चढला, आणि वेग वाढतो आहे.

बर्फाचं पाणी समुद्रात सगळीकडे सारखं पसरत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. ग्रीनलंड किंवा अंटार्क्टिकाचा बर्फ इतका प्रचंड आहे की आपल्या गुरुत्वाकर्षणाने तो भोवतालचं पाणी स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ घटला की ती पकड सैल होते. जवळचा समुद्र चक्क उतरतो आणि दूरदूरच्या किनाऱ्यांवर पाणी सरासरीहून जास्त चढतं. म्हणजे अंटार्क्टिका वितळलं तर झळ तिथल्या पेंग्विनांच्या आधी विषुववृत्ताजवळच्या आणि त्याच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यांना. पश्चिम अंटार्क्टिकातली थ्वेट्स ही एकच हिमनदी महाराष्ट्राच्या साठ टक्के क्षेत्रफळाएवढी आहे. ती पूर्ण गेली तर जगाचा समुद्र सुमारे ६५ सेंटिमीटर चढेल. हे एका रात्रीत होणार नाही. पण तिच्या बुडाशी गरम पाणी पोहोचलं आहे, आणि तिचा तळ आत जावं तसा खोल होत जातो, म्हणून मागे हटायला लागली की थांबणं अवघड.

आता किनाऱ्यावर या. गोव्यात खाजन शेती आहे, रायगड-रत्नागिरीत खारभूमी. मातीच्या बांधाने खाडीचं पाणी अडवायचं आणि बांधात दार ठेवायचं. गोव्यात त्याला मानस म्हणतात, रायगडात उघाडी. भरती चढली की पाण्याच्या दाबाने फळी आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना वीज. पण हे सगळं बेतलेलं आहे ओहोटीचं पाणी पुरेसं खाली जाण्यावर. खाडीची पातळी वाढली की फळी उघडी राहण्याचा वेळ घटतो, शेतातलं पाणी तुंबतं, आणि उधाणाला बांधाला खांड पडली की एका रात्रीत शेत खारं होतं. ते पुन्हा गोडं व्हायला वर्षं लागतात. समुद्र किती वाढला हे मोजायला या शेतकऱ्याला उपग्रह लागत नाही.

मुंबईत हीच गोष्ट सिमेंटमध्ये घडते. नाल्यांची बहुतेक मुखं भरतीच्या पातळीखाली आहेत. म्हणून २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशा ठिकाणी उदंचन केंद्रं उभारून पाणी उपसून समुद्रात टाकावं लागतं. साडेचार मीटरवरच्या भरत्यांची यादी दर पावसाळ्याआधी छापून येते आणि आपण ती पंचांगासारखी बघतो. त्या यादीतले आकडे समुद्राच्या पातळीवर ठरतात, आणि ती पातळीच चढते आहे.

एवढं असूनही २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरची बांधकामबंदीची पट्टी २०० मीटरवरून ५० वर आणायची वाट मोकळी केली. ज्या काळात पाणी पुढे येतंय त्याच काळात आपण पुढे सरकतोय.

म्हणून पहिली मागणी किनाऱ्यावरच्या वाचकांकडे. तुमच्या जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा बघा. तो सुनावणीला येतो तेव्हा तिथे हजर राहा. नकाशात तुमच्या गावची खाडी, तिवरं, खारबांध, मच्छी सुकवायच्या जागा नीट दाखवल्यात का ते तपासा. या गोष्टी आधी नकाशातून गायब होतात आणि मग जमिनीवरून गायब होतात. कांदळवनात भराव पडताना दिसला तर फोटो काढा, तारीख लिहा, तहसीलदार आणि कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार द्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनं तोडणं हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आहे. कायदा तुमच्या बाजूचा आहे; कमी पडतात ती माणसं.

दुसरी मागणी हिमालयात जाणाऱ्यांकडे. चारधाम असो, मनाली असो, लडाख असो, मराठी बोलणं कानावर पडलं नाही असा दिवस तिथे जात नाही. ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत डोंगराचा कडा बर्फासकट सुटला आणि त्यामुळे आलेल्या पुरात दोनशेहून जास्त माणसं गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनक हे हिमनदीचं तळं फुटलं आणि चुंगथांगचं धरण वाहून गेलं. हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगाने घटल्या. अशा डोंगरात आपण डिझेलच्या गाड्यांची रांग लावतो. काजळी बर्फावर बसली की काय होतं ते वर आलंच आहे. रोहतांगला रोज किती गाड्या सोडायच्या यावर हरित लवादाला २०१५ मध्ये मर्यादा घालावी लागली. सहल आखणाऱ्याला विचारा: हेलिकॉप्टरशिवाय, सामायिक किंवा विजेच्या वाहनाने नेता का? रस्ता बंद म्हटल्यावर ‘एवढे पैसे भरलेत’ म्हणून ड्रायव्हरवर दबाव आणू नका. आणि नदीपात्रात उभारलेल्या हॉटेलात खोली घेऊ नका, कितीही सुंदर दिसली तरी.

तिसरी मागणी सगळ्यांत जड आहे. दिवा मालवल्याने थ्वेट्स थांबणार नाही, आणि तसं सांगणाऱ्या जाहिराती मला फसव्या वाटतात. बर्फ वाचतो तो कोळसा आणि तेल जळायचं थांबल्याने. २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने ठोकळ हिशेब मांडला: तापमान आज आहे तिथे थबकलं तरी जगातल्या हिमनद्यांचा ३९ टक्के बर्फ कालांतराने जाणारच. सध्याच्या धोरणांनी २.७ अंशांपर्यंत गेलो तर उरेल जेमतेम चौथाई. दीड अंशावर रोखलं तर निम्म्याहून थोडा जास्त वाचतो. त्या दरम्यान अंशाच्या प्रत्येक दहाव्या भागामागे दोन टक्के बर्फ. ‘आता उशीर झाला’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा.

यात श्रीमंत देशांचा वाटा मोठा आहे, भारताचं दरडोई उत्सर्जन कमी आहे, हे बरोबरच आहे आणि जागतिक बैठकांत ते ठणकावून सांगायलाही हवं. पण मान्सून दरडोई उत्सर्जन बघून पडत नाही. महाराष्ट्राची वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. एकट्या चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅटचं, आणि त्याची राख त्या जिल्ह्यानेच वर्षानुवर्षं खाल्ली. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्याची योजना राज्यात आहे. गावाजवळ असा प्रकल्प आला तर, कुणाचं गायरान आणि कुणाची गुरं उठवून नव्हे, पण नीट जागा बघून, त्याला साथ द्या. सोसायटीच्या गच्चीवरचा प्रस्ताव दर सर्वसाधारण सभेत ‘पुढच्या वर्षी’ म्हणून पडतो, तो या वर्षी पास करा. मत मागायला येणाऱ्याला नुसतं रस्ता-पाणी विचारू नका. जुनी कोळसा केंद्रं बंद करण्याची तारीख आणि तिथल्या कामगारांची सोय, दोन्ही विचारा.

ग्रामसभा, प्रभाग समिती किंवा सोसायटीची सभा, यांतली जी पहिली येईल तिथे हे विषय लेखी द्या. किनाऱ्याचं गाव असेल तर खारबांधाच्या दुरुस्तीचा खर्च आणि उघाड्यांची उंची, आतलं गाव असेल तर दिवसा सौर वीज आणि अतिवृष्टीत पाणी जायच्या ओढ्यांवरची अतिक्रमणं. विषयपत्रिकेवर घ्यायला टाळाटाळ झाली तर अर्जाची पोच मागा. चर्चा झाली तर ती इतिवृत्तात आली का ते पुढच्या सभेत तपासा, आणि आली नसेल तर तिथल्या तिथे दुरुस्ती सुचवा.